मूळ फोटो ठेवायचा न्हाई

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण ज्यानं काढली त्यानं गंगाखेडचा योगीराजचा स्टुडिओ पाहिलेला नसणार. तिथं स्टुलावर कोळसा जरी नेऊन बसवला असता, तरी दुसऱ्या दिवशी पाकिटातून गोरापान, गुळगुळीत, कोट घातलेला कोळसा हाती पडला असता. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं दुकान. उन्हातान्हात रापलेली माणसं आत यायची, फोटो काढून घ्यायची आणि निघताना दारातून हळूच म्हणायची, "भाऊ, जरा उजळ करा बरं का." योगीराज नुसती मान हलवायचा. त्याला ते सांगावं लागत नसे.

मूळचा तो ताडकळसचा. तिथं दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हातात कला आहे हे बघून तात्याराव फोटोग्राफरांनी त्याला गंगाखेडला आणलं आणि टचिंग शिकवलं. तेव्हा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम चाले. डोळ्याला भिंग लावून देवीचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं एकेक ठिपका करून बुजवायचं. एका चेहऱ्याला अख्खी सकाळ जायची. पुढं कॉम्प्युटर आला, मग तेच काम माऊसनं. त्यानंतर असं सॉफ्टवेअर आलं की एक बटण दाबलं की चेहरा आपोआप साफ. चहा पिऊन होईस्तोवर दहा चेहरे उरकायला लागले. योगीराज दर वेळी खूश झाला. आपल्याकडून काही निघून चाललंय असं त्याला वाटलं नाही, आणि खरं बोलायचं तर तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं.

तात्यारावांचा एक नियम होता, मूळ फोटो ठेवायचा नाही. फार पूर्वी एका मुलीचा टचिंगच्या आधीचा फोटो त्यांच्या दुकानातून नवऱ्याकडच्यांच्या हाती लागला होता आणि जमलेली सोयरीक मोडली होती. तेव्हापासून ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं खरं तोंड आपल्यापाशी ठेवणं म्हंजे त्याची इज्जत आपल्या कपाटात कोंडून ठेवणं हाय." योगीराजनं हा नियम कॉम्प्युटरवरही पाळला. साफ केलेला फोटो मूळ फोटोच्याच नावावर सेव्ह करायचा आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याच दिवशी रिकामं करायचं. या इमानदारीमुळं लेकीबाळींचे आईबाप डोळे झाकून त्याच्याकडं यायचे.

त्याची बायको सविता. माहेर पालमचं. बोलायला फटकळ, हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागे. तिशीत तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उठला. मग पापणीवर, मग डाव्या गालावर. कोड. परभणीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, हे दुखत नाही, कुणाला लागत नाही, घाबरू नका. पण डॉक्टर काय गावाला सांगत हिंडणार आहे थोडाच. हळदीकुंकवाला बायका तिला हात लांब करून कुंकू लावायच्या. योगीराज मात्र तिला कधी वावगा शब्द बोलला नाही. तिच्या ताटात जेवला, तिच्याशेजारी बसून लग्नंकार्यं केली. फोटोत तेवढे तो तिचे डाग काढून टाकायचा. प्रेमानंच करायचा, हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

मुलगी निवेदिता लहानपणी आईच्या मांडीवर पडून त्या डागांवरून बोट फिरवायची. "आई, ह्यो बैल. अन् ही गंगा, घाटापाशी वळायलीय." गोदावरीला गावात सगळे गंगाच म्हणत. सविता हसून हसून बेजार व्हायची. पोरीनं पुढं ॲनिमेशन शिकायचं ठरवलं आणि पुण्याला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी सविता भरदुपारी स्टुडिओत आली. पावडर न लावता, नुसतं तोंड धुऊन.

"काढा फोटो," स्टुलावर बसत ती म्हणाली. "पोरीसंगं पुण्याला द्यायचाय. जशी हाय तशी काढा. पुसू नका."

"न्हाई पुसत."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुझ्या गळ्याची आण."

फोटो उत्तम आला होता. संध्याकाळी योगीराजनं तो पडद्यावर उघडला आणि बघितला. होस्टेलच्या पोरी हा फोटो बघणार. कुणीतरी नाक मुरडणार. आपल्या सविताला त्यांनी का म्हणून हसावं? त्यानं बटण दाबलं. त्याच नावावर सेव्ह केला आणि सवयीनं कार्ड रिकामं केलं. चांगली फ्रेम बसवून घरी नेला.

सवितानं हात पुसून फ्रेम घेतली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "छान हाय. कोण हाय ही?"

योगीराज हसला. ती हसली नाही. फ्रेम तिनं पुण्याला दिलीच नाही, घरातच भिंतीला टांगली. त्यानंतर ती त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसलीच नाही. लग्नात कुणी मोबाइल काढला की पदर पुढं ओढायची आणि म्हणायची, "माझा फोटो आमच्या घरी काढतेत." लोकांना ती थट्टा वाटायची.

गेल्या श्रावणात काविळीचं निमित्त झालं आणि अठरा दिवसांत सविता गेली. हार त्याच फ्रेमला पडला. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "किती गोरी दिसायलीय बाई फोटोत!" योगीराजनं तोंड भिंतीकडं केलं.

महिन्याभरानं निवेदिताचा फोन आला. शेवटच्या वर्षाला तिला दोन मिनिटांची फिल्म करायची होती. एका बाईच्या गालावरचे पांढरे डाग उठून चालायला लागतात, बैल गंगेवर जाऊन पाणी पितो, असं काहीतरी. "चित्रं झाली सगळी, पप्पा. शेवटाला फक्त आईचा खरा फोटो ठेवायचाय. डाग असलेला. एकच पाहिजे. तुमच्याकडं असंलच की."

"हाय की," योगीराज म्हणाला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून हो म्हणायची सवयच लागली होती.

मग शोध सुरू झाला. जुन्या हार्ड डिस्क, सीड्या, पाहुण्यारावळ्यांचे अल्बम. सगळीकडं सविता स्वच्छ, एकसारखी, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी. तिच्या मोबाइलमध्येही तेच. चेहरा आपोआप गोरा करायची सोय त्यानंच चालू करून दिली होती. आधार कार्डावरचा फोटो कोडाच्या सुरुवातीचा, तोही उजेडात पिठासारखा उडालेला. शेवटी एसटीनं तो पालमला मेहुण्याकडं गेला. महारुद्रनं ट्रंक उघडली, होते नव्हते तेवढे फोटो बाजेवर मांडले.

"दाजी, ह्ये सगळे तुमीच दिलेले हायत," तो म्हणाला. "तुमच्याबिगर ताईनं कुणाला फोटो काढू दिला न्हाई. ताई आमची, अन् आमालाच दिसंना बघा."

परतीच्या गाडीत योगीराज खिडकीकडं तोंड करून रडला. पंचवीस वर्षं लोकांची इज्जत राखली म्हणून मिरवलो आणि घरच्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली ती दिली नाही, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तिची माफी मागायची तर ती भिंतीवरची कुणीतरी दुसरीच बाई होती.

पण हातात कला असलेल्या माणसाला एक खोड असते. आपण बिघडवलं ते आपणच नीट करू, असं त्याला वाटतं. योगीराजनं फ्रेममधलाच फोटो पडद्यावर घेतला, आपोआपचं सगळं बंद केलं आणि कितीतरी वर्षांनी हातानं काम करायला बसला. ओठाजवळचा ठिपका पहिल्याच फटक्यात जमला. तो त्यानं सुरुवातीला माऊसनं शेकडो वेळा पुसला होता, हाताला तो पाठ होता. पापणीचाही जमला. गालापाशी मात्र हात थबकला. डाग कानापर्यंत जात होता की अलीकडंच थांबत होता? गाल पांढरा व्हायला लागला तोवर बटणाचे दिवस आले होते आणि पुसायला बघावं लागत नव्हतं. त्यानं अंदाजानं मारलं. चार दिवस खपला. काम असं उतरलं की तात्यारावही फसले असते.

दिवाळीला निवेदिता आली. त्यानं प्रिंट तिच्या हातात दिली. तिनं खिडकीपाशी जाऊन बघितली, गालावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हनुवटीवरचा कुठं गेला?"

"हनुवटीवर?"

"पप्पा, डाव्या अंगाला. दोन बोटं रुंद. आई म्हणायची की, दाढी पिकायलीय माझी."

योगीराजला आठवेना. त्यानं डोळे मिटून बघितलं, तरी आठवेना. "कधी आल्ता?" त्यानं विचारलं.

निवेदितानं प्रिंटवरचं बोट उचललं. "मी बारावीला होते तवा," ती म्हणाली. "तीन वर्षं होता की मग. तुमी रोज समोर बसून जेवायचात."

मग त्यानं सगळं सांगितलं. आण घेतलेलीही सांगितली.

"तू सांग कुठं काय होतं, मी करतो दुरुस्त," तो म्हणाला. "कुणाला कळणार न्हाई."

"नको. चित्र तर मीबी काढते, पप्पा. आईला फोटो पाहिजे होता." तिनं प्रिंट टेबलावर ठेवली आणि आत गेली.

उन्हाळ्यात पुण्याला कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. योगीराज धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत बसला होता. पडद्यावर बैल गालावरून उतरला, गंगेच्या वळणापाशी गेला, पाणी प्याला आणि परत येऊन आपल्या जागी बसला. लोक हसले. मग पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि खाली अक्षरं आली : आईचा फोटो उपलब्ध नाही. टाळ्या जरा उशिरानं पडल्या.

बाहेर निवेदिताचे एक सर भेटायला आले. त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलीचा हात फार चांगला आहे हो. घरातूनच आला असणार. आपण काय करता?"

निवेदिता शेजारीच उभी होती.

"शेती हाय थोडी," योगीराज म्हणाला.