मास्तरांच्या मागून

कडुनिंब मोहरला की त्या वासानं मी अमरावतीच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहते. बाबांशी भांडून मी अकोल्याहून मॅट्रिकला आले होते. वर्गात मी एकटीच मुलगी. मास्तर आले की त्यांच्या मागून आत जायचं आणि त्यांच्या मागूनच बाहेर पडायचं, असा रिवाज होता.

एक दिवस मास्तर आलेच नाहीत. आत मुलं गणितं सोडवत होती. मी बाहेर उभी.

चपराशी म्हणाला, "काहून उभी हायेस वं पोरी? मास्तरले ताप हाय. घरी जाय."

"तास नाई संपला अजून," मी म्हणाले.

घंटा होईपर्यंत उभी राहिले. आत ये, असं कोणी म्हटलं नाही. कितीतरी वर्षं मला त्या मुलांचाच राग यायचा. आता माझा येतो. दार सताड उघडं होतं.