वसतिगृहाच्या छताचा तंटा

माझ्या घरात पदकं नाहीत की मानपत्रं नाहीत. पण देवळाली प्रवरेच्या मुलींच्या वसतिगृहाचं भांडण मी कोर्टाची पायरी चढू न देता मिटवलं, हे कुणालाही ताठ मानेनं सांगते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दुष्काळाचे उन्हाळे. मी शाळेची मुख्याध्यापिका. आसपासच्या गावांतल्या मुली सातवीनंतर घरीच बसत. जूनमध्ये वसतिगृह उघडलं तरच त्या पुढं शिकणार होत्या, नाहीतर लग्नं उरकायला बाप तयारच. आणि नेमके बांधकाम चालू असताना त्याच्या स्लॅबच्या एका कोपऱ्याला तडे गेले.

नगरचे आर्किटेक्ट आले, वर चढले आणि गवंडी-बिगाऱ्यांदेखत कंत्राटदाराला म्हणाले, "सिमेंट चोरलंत तुम्ही." कंत्राटदारानं काम बंद पाडलं. त्याच्या मते नकाशाच चुकलेला. दोघंही वकील गाठायला निघाले. तिकडं निकाल लागेपर्यंत माझ्या मुलींना नातवंडं झाली असती!

दोघांना शाळेत बोलावलं आणि मुलींच्या भांडणात लावते तोच नियम लावला. आधी समोरच्याचं गाऱ्हाणं सांगायचं. तो "बरोबर" म्हणाला की मगच आपलं. पन्नाशीचे बाप्ये, पण चौथीतल्या पोरींहून हट्टी. आर्किटेक्ट पुन्हापुन्हा सांगत होते, कंत्राटदार नकारार्थी मान हलवत होता. शेवटी ते म्हणाले, "मी तुम्हाला तुमच्या माणसांसमोर चोर म्हटलं, ते तुम्हाला लागलं."

"व्हय," कंत्राटदार म्हणाला. "आन सायबांचं म्हननं, छत पोरींच्या अंगावर यील."

"बरोबर," आर्किटेक्ट म्हणाले.

मी कंत्राटदाराला विचारलं, "तुमची लेक झोपवाल त्या कोपऱ्यात?"

तो खाली बघत म्हणाला, "न्हाई, बाई. पर शिमिट न्हाई चोरलं म्या. हीर आटली. नव्या स्लॅबवर मारायला पानीच पुरलं न्हाई, म्हून तडं गेलं. सांगायची लाज वाटली."

आता आर्किटेक्टांचा चेहरा उतरला. विहिरीत न डोकावता, भर उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा हट्ट त्यांचाच होता. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. शिकलेल्या माणसाला हे शब्द किती जड जातात ते मला ठाऊक आहे. मीही शिकलेलीच.

मग ठरायला वेळ लागला नाही. कोपरा फोडून पुन्हा ओतायचा, साहेबांनी स्वतः उभं राहायचं, पाणी मी आणायचं. आणि बोल जिथं लावला तिथंच मागं घ्यायचा, ही माझी अट. दुसऱ्या दिवशी साहेब स्लॅबवर चढले आणि त्याच गवंड्यांसमोर म्हणाले, "यांनी चोरी केलेली नाही. मी चुकीचं बोललो." मी गावोगाव फिरले. प्यायच्या पाण्याची मारामार असताना मुलींच्या बापांनी बैलगाड्यांवरून पिंपं आणून दिली. ती आठवली की अजून ऊर भरून येतो.

वसतिगृह जूनमध्येच उघडलं. पहिल्याच दिवशी कंत्राटदार खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन आला. मागं सातवी झालेली त्याची लेक.

"कुठली खाट देऊ हिला?" मी विचारलं.

"कोपऱ्यातली द्या, बाई. तडा हुता तितली."

मॅट्रिक होईपर्यंत ती त्याच खाटेवर झोपली.