जबेझ गिफर्डची पिंपं

बारा खलाशांच्या जहाजाला एकशे दहा पिंपं कशाला हवीत, हा प्रश्न जबेझ गिफर्डने तोंडाबाहेर काढला, तेव्हा त्यातली चाळीस त्याने बनवून दिलेली होती.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर त्याचं पिंपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे जहाजमालक एलायशा स्लोकम. दोघेही क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे, एकाच प्रार्थनासभेचे. गुलामांच्या व्यापारावर राज्याने नुकतीच बंदी घातली होती आणि त्या बंदीसाठी केलेल्या अर्जावर घरोघर फिरून सह्या घेणाऱ्यांत स्लोकम पुढे होता.

"जमैकाला जातंय जहाज. काकवी आणायला," स्लोकम म्हणाला.

क्वेकरांत लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणत, तरी जबेझला बोलणं जड गेलं. "काकवीला जोडलेली, तयार पिंपं कोण नेतं, एलायशा? फळ्यांची जुडी नेतात, तिकडे जोडतात. तू तर पाणी भरून तपासून मागितलीस. बारा माणसांना एवढं पाणी कशाला?"

"तू पिंपं कर. जहाजाचं मी बघतो."

घरी बायकोने, मेहिताबेलने, सगळं ऐकून घेतलं. "त्याच्या जहाजावर सुतारही लावलाय. जहाजाच्या पोटात मधोमध फळ्यांचा माळा घालतोय म्हणे. काकवी काय माळ्यावर निजणार आहे?"

जबेझने उरलेलं काम नाकारलं. पुढच्या सभेत सगळे रिवाजाप्रमाणे माना खाली घालून मूक प्रार्थना करत असताना तो उठला आणि त्याने स्लोकमच्या जहाजाबद्दल सरळ विचारलं. सभेने दोन वडीलधारे स्लोकमकडे धाडले. कागद चोख होते, सगळीकडे जमैकाच लिहिलेलं. मग लोक जबेझकडेच तिरकं पाहू लागले. हेवा करतो म्हणाले. त्याला स्वतःलाही तसं वाटू लागलं, कारण स्लोकमचं दुमजली घर त्याला खरंच खुपत होतं.

राहिलेली पिंपं दुसऱ्या गावाहून आली. जहाज गेलं, नऊ महिन्यांनी परतलं. त्याच दोन वडीलधाऱ्यांना घेऊन जबेझ कोणाला न विचारता जहाजावर चढला. माळा उखडून टाकला होता, पण खिळ्यांची भोकं ताजी होती, आणि चुना फासूनही कोंडलेल्या माणसांचा वास गेला नव्हता. जबेझने एकेका पिंपात हात घातला. काकवीचा चिकटपणा कुठेच नव्हता. दोघांतले म्हातारे अमासा धक्क्यावरून थेट सभेच्या चिटणिसाकडे गेले.

सभेने स्लोकमला काढून टाकलं. चिटणीस निर्णय लिहीत असताना जबेझ म्हणाला, "चाळीस पिंपांवर माझा शिक्का आहे. तेही लिही."

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"विसाव्या पिंपालाच मनात आलं होतं. पुढची वीस गप्प राहून केली."

चिटणिसाने लिहिलं.

स्लोकम महिन्याभरात दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागला; तिथे त्याला पुढचा बाक मिळाला. सगळी माणसं सारखी मानून क्वेकर कोणापुढे टोपी काढत नाहीत. पण आता स्लोकम रस्त्यात भेटला की जबेझला हसून, टोपी काढून नमस्कार करी.