उस्तादांना कुणी सांगायचं?

माझी थोरली बहीण गोल्फ शिकवते म्हटलं की लोक विचारायचे, "ते ठीक, पण काम काय करते?" आमच्या आईलाही बरीच वर्षं हाच प्रश्न पडायचा.

ताईने आधी स्पर्धा खेळून पाहिल्या. बक्षिसं किरकोळ मिळाली, नाव त्याहून किरकोळ. मग उजवं मनगट दुखावलं आणि लांब फटका मारणं बंदच झालं. तिला खेळ शिकवणाऱ्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांना सगळा क्लब उस्ताद म्हणायचा. त्यांनीच तिला बोलावून घेतलं. "मनगट गेलं, डोकं शाबूत आहे ना? शिकवायला लाग." ती लागली. शिकवता शिकवता स्पर्धा भरवू लागली, भांडणं मिटवू लागली, आणि एक दिवस कमिटीने तिला क्लबची मॅनेजर केलं.

मॅनेजर म्हणजे काय, ते तिच्या बुटांवरून कळायचं. कधी तुंबलेल्या गटाराचा चिखल, कधी स्वयंपाकघरातलं तेल. गळकं छप्पर तिचं, रुसलेला आचारी तिचा, खिडकीजवळच्या टेबलावरून हमरीतुमरीवर आलेले दोन निवृत्त डॉक्टरही तिचेच. "चेंडू सोडून सगळं हातात येतं माझ्या," म्हणायची.

अशात उस्तादांची नजर अधू होत चालली. सगळ्यांना ते कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं. एका सकाळी त्यांनी शिष्याला "मार" म्हटलं, तेव्हा समोर माळीदादा खत पसरत होते. चेंडू त्यांच्या खांद्यावर बसला. हाड वाचलं, पण कमिटी खवळली. उस्तादांना नोटीस देऊन मोकळं व्हा, असं ठरू लागलं.

"नोटीस नको," ताई म्हणाली. "मी सांगते."

उस्ताद मागच्या खोलीत गोल्फच्या जुन्या काठीच्या मुठीवर नवं रबर चढवत बसले होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"उस्ताद, आता तुम्ही मैदानावर शिकवायचं नाही."

"कमिटीने पाठवलं?"

"कमिटीच सांगणार होती. मी म्हटलं, मी सांगेन."

"म्हणजे कमिटीपेक्षा तू बरी, असं म्हणू का मी?"

ताई म्हणाली, "माळीदादा दिसले नाहीत ना तुम्हाला?"

"ऊन डोळ्यांवर येत होतं."

"ऊन पाठीमागे होतं, उस्ताद."

ते मुठीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझं मनगट गेलं, तेव्हा मी तुला दार दाखवलं नव्हतं."

घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "केलंस ते बरोबरच. पण आधी जेवायला बोलवायचंस. असलं काही रिकाम्या पोटी ऐकवू नये माणसाला."

उस्ताद क्लबात यायचे थांबले. ताईला ते लागलं. तिचं म्हणणं, आपण त्यांना काढलं ते योग्यच होतं, पण काढल्यावर त्यांच्या हातात काय उरलं? प्रशिक्षकाला हात चालतात तोवर किंमत, नंतर नुसता नमस्कार. त्या विचारानेच ती प्रशिक्षकांच्या संघटनेच्या निवडणुकीत उतरली आणि अध्यक्ष झाली. मग तिने दोन गोष्टी मांडल्या: म्हाताऱ्या प्रशिक्षकांसाठी निर्वाहनिधी, आणि सगळ्या प्रशिक्षकांच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी.

निधीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासणीचं नाव निघताच सभागृह पेटलं. "आमचे डोळे तपासणार तुम्ही?" एकजण ओरडला. "आधी स्वतःचे तपासा!"

ताईने तपासून घेतले. चांगला जाडसर चष्मा लागला. पुढच्या सभेला ती तोच घालून उभी राहिली. "मलाही वाटत होतं, मला सगळं स्वच्छ दिसतं," ती म्हणाली. लोक हसले, आणि हसता हसता निम्मा विरोध मावळला. उरलेल्या निम्म्याशी ती दोन वर्षं भांडली, तेव्हा कुठे दोन्ही ठराव पास झाले.

निधीचं सांगायला ती स्वतः उस्तादांकडे गेली. ते म्हणाले, "मला कुणाची भीक नको." आतून त्यांची बायको आली, ताईसमोर पाट सरकवल्यासारखी खुर्ची सरकवली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला नको तर नको. मला हवाय. कुठे सही करायची, सांग गं."

तेव्हापासून ताई अधूनमधून त्यांच्याकडे जाते. उस्ताद तिला कमिटीतल्या भानगडी विचारतात, पोरकट सल्ले देतात, कुणाच्या फटक्याचा स्विंग कसा बिघडलाय यावर वाद घालतात. मागच्या खोलीतल्या त्या बोलण्याचा विषय दोघंही काढत नाहीत. क्लबात मात्र उस्तादांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. "त्यांनी मला माफ केलंय का?" असं ताईने मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "दर वेळी जेवायला थांबवून घेतात ना?"

"घेतात," ती म्हणाली. पण तिचं समाधान झालं, असं मला वाटलं नाही.