शेवटच्या कडव्यातलं नाव

सुखदेवकाका गेले, हे मला वाडीच्या नाक्यावर कळलं. मी गोदामांवरच्या हमालांना पत्रकं वाटत होतो. खापरखेड्याहून आलेल्या त्यांच्या शेजाऱ्यानं सायकलवर एक पाय टेकवून सांगितलं, आणि मागे चहाच्या टपरीवर काकांचंच गाणं वाजत होतं... दुसऱ्याच्या नावानं.

महिना झाला. माझा राग उतरलेला नाही, आणि मला तो उतरवायचाही नाही.

आमची उजेड गायन पार्टी एके काळी कुहीपासून उमरेडपर्यंत गाजलेली. काका गाणी लिहायचे, ढोलकी वाजवायचे, मनोहरराव गायचे. आमच्या गायन पार्ट्यांत शेवटच्या कडव्यात नाव येतं ते गाणं लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं नव्हे. तेवढीच त्याची सही. मनोहररावांना पोस्टरवर एकट्याचा फोटो हवा झाला आणि पार्टी फुटली. मग त्यांच्या कॅसेटी निघाल्या, चकचकीत जाकीट आलं, मागे सहा-सहा वादक बसले. लिहिता मात्र एक ओळ येईना! म्हणून गाणी काकांचीच, फक्त ‘सुखदेव सांगे’च्या जागी ‘मनोहर सांगे’. समतेची गाणी गायची आणि ती रचणाऱ्यालाच त्यातून हाकलायचं. अशा माणसाला कलावंत म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

काका वीजकेंद्रातली पाळी संपवून कॉलनीत पार्टीविना, एकटेच ढोलकीवर गात राहिले. मी एक जळजळीत पत्रक लिहून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते वाचलं, घडी करून बाजूला ठेवलं.

“काहून तापून राहिला गा? गानं त जाते ना लोकायपाशी.”

“अन् तुमचं नाव, काका?”

“नाव...” म्हणाले, आणि ढोलकीची दोरी ताणायला लागले. ढोलकी आधीच नीट लागलेली होती.

हा भिडस्तपणाही मी माफ केलेला नाही. असल्या चांगुलपणावरच मनोहररावांसारख्यांची जाकिटं शिवली जातात.

शोकसभेला मनोहरराव आले. हार घातला, डोळे पुसले, गायले. गळा अजून गोड आहे, हे लिहिताना हात जड होतो. शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं तोंडून निघालं, ‘मनोहर सांगे...’ काकांच्या फोटोसमोर! ते अडकले. काकूंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या बायकांच्या रांगेतून म्हणाल्या,

“सुखदेव म्हना ना भाऊजी. आता त म्हना.”

मनोहररावांनी पाणी मागितलं. गाणं तिथंच सुटलं. एवढं एक नाव त्यांच्या नावाजलेल्या गळ्यातून निघालं नाही.

परवा काकूंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या आणि मनोहररावांचीच कॅसेट लावलेली. मी भडकलो, “त्या माणसाले काहून ऐकता, काकू?”

“त्याले कोन आयकते? गानं माह्या मानसाचं हाय.”

शेवटचं कडवं आलं तशा त्या उठल्या. आवाजाचं बटण पार खाली केलं. सूर नाही, ताल नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हणाल्या, “सुखदेव सांगे.” आणि बटण पुन्हा वर केलं.