‘निवांत’ लिहायला शिकलेली बाई

पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझं माहेर जालन्याचं, मस्तगडचं. राजूरच्या पुढं एका खेड्यात मी मास्तरीण म्हणून गेले. सकाळी पोरांची शाळा आणि दुपारी मारुतीच्या पारावर बायकांचा साक्षरता वर्ग. सरकारी पुस्तकाची सुरुवात ‘कमळ’पासून होती. गावात कमळ कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून मी बायकांना म्हटलं, तुम्हाला सगळ्यात आवडतो तो शब्द सांगा, त्याच्यापासून सुरू करू.

आधी सगळ्या लाजल्या. मग एकीनं ‘चहा’ सांगितला. तिच्या घरी तो गडीमाणसांपुरताच व्हायचा, तिला वास तेवढा ठाऊक. एका म्हातारीला ‘बराबर’ हवा होता. तिचा नवरा तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी तेवढंच म्हणायचा. तो गेल्यावर तिचं कुणी ऐकत नव्हतं.

पंचविशीतली एक बाई रोज सगळ्यांत उशिरा यायची. ती म्हणाली, ‘निवांत’. का, ते सगळ्यांसमोर सांगेना. बाकीच्या उठून गेल्यावर बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा ती सवयीनं झाडू घेऊन उठली होती. थोरल्या भावानं झाडू काढून घेतला आणि म्हणाला, आता निवांत बस. ती अख्खी दुपार लिंबाखाली बसून राहिली. पुढं भाऊ पटकीनं गेला, माहेर उठलं.

‘‘मंग आसं कोणीच म्हणलं न्हाई, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘निदान लिहून तरी बघावं.’’

चार दिवस लागले तिला. अनुस्वार सारखा राहून जायचा. चौथ्या दिवशी शब्द बिनचूक उतरला, तेव्हा तिनं पाटी पुसू दिली नाही. घरी नेऊ का, म्हणून विचारलं. मी नेऊ दिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही नाही. मी घरी गेले. सासूनं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या दिरानं पाटी सगळ्यांना वाचून दाखवली होती. नवरा आवाज न चढवता बोलला.

‘‘बाई, घरात चार म्हशी हायेत. हिला निवांत बसायचं आसल तर आम्ही काय करावं?’’

तिची बाजू घ्यायची म्हणून मी भावाची सगळी गोष्ट सांगितली. लिंबासकट. दीर हसला, मग सासूही हसली. ती गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. ती गोष्ट तिनं माझ्यापाशी ठेवायला दिली होती, हे मला तेव्हा कळलं. निघताना सासूनं पाटी माझ्या हातात दिली. स्वच्छ पुसलेली होती.

मग एकेक करून बायका कमी झाल्या. दिवाळीनंतर वर्ग बंद पडला. म्हातारीच तेवढी शेवटपर्यंत येत होती आणि तिला दिसत नव्हतं.

त्या गावात मी आणखी दोन वर्षं काढली. ती ‘निवांत’वाली रोज पाणवठ्यावर दिसायची. मी आले की बाजूला सरकून माझ्या घागरीला जागा करून द्यायची. मी एकदा माफी मागायला म्हणून तोंड उघडलं, तर ती शांतपणे म्हणाली, ‘‘भरा ना बाई, पाणी गढूळ व्हईल.’’

बदली झाली तेव्हा मोटारीच्या थांब्यापर्यंत बऱ्याच बायका आल्या. ती रस्त्याकडेला गोवऱ्या थापत होती. मोटार शेजारून गेली, तिनं मान वर केली नाही.