पदकाच्या कडेचं नाव

बीडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारी बाई एकच, यास्मिन. दुकान तिच्या अब्बांचं. त्यांची नजर गेली तोवर भावांनी मोबाइलची दुकानं टाकली होती, म्हणून भिंग यास्मिनच्या डोळ्याला लागलं. पुढे लोक वेळसुद्धा मोबाइलमध्येच बघायला लागले आणि घड्याळं यायची कमी झाली. त्याच सुमारास पदकं यायला लागली.

पहिलं पदक आलं ते नेकनूरच्या बद्रीनाथ नावाच्या निवृत्त जवानाचं, एकाहत्तरच्या लढाईतलं. त्याची कडी तुटली होती. यास्मिनने कडी जोडली आणि आपल्याच मनाने पॉलिश लावून पदक आरशासारखं करून दिलं. बद्रीनाथांनी ते बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं.

"लई छान," ते म्हणाले. "आता कुणालाबी वाटंल, काल बाजारातून आणलंय."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच आवडलं होतं. यास्मिनला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतर तिने पॉलिशची बाटली फक्त घड्याळांसाठी ठेवली. पदकं जमवणाऱ्या लोकांना फोनवर फोटो पाठवून, विचारून विचारून ती शिकत गेली. चांदीला आलेला काळपटपणा तसाच राहू द्यायचा. पदक रद्दीत गुंडाळायचं नाही, त्याला रबर लावायचं नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानातून ती ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आणायची आणि पदकाच्या डबीत ठेवायची. आणि आलेलं पदक कुणाचं हे विचारण्याआधी त्याची कड बघायची, कारण पुष्कळ पदकांवर शिपायाचं नाव तिथेच कोरलेलं असतं.

लिंबागणेशचा उत्तरेश्वर पदक घेऊन आला तेव्हा कड दिसतच नव्हती. लाल नाड्यात ओवलेली चांदीची ती गोल वस्तू हळदीकुंकवाने माखून वाळली होती.

"आमच्या पणज्याचं हाय, आश्रुबांचं," तो म्हणाला. "निजामाच्या घोडदळात होते. पहिल्या महायुद्धात मिसर देशात, इजिप्तला गेलते. गावच्या शाळेत सैनिकांचा सत्कार हाय, तिथं काचेत लावायचंय."

"कुंकू कशाला?"

"खंडेनवमीला पूजा करतो की. मागं खंडोबा हाय ना."

यास्मिनने मागची बाजू पाहिली. घोड्यावर बसलेला एक उघडा गडी होता. तो खंडोबा नव्हता, पण तिने ते त्या दिवशी सांगितलं नाही.

बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, मऊ ब्रश आणि टोक बोथट केलेली लाकडी काडी एवढ्यावर तिने काम केलं. कुंकू सुटायला दोन दिवस लागले. मग कडेवरची इंग्रजी अक्षरं वर आली. स्वार, हैदराबादचं घोडदळ, आणि नाव शेख मदार.

तिने भिंग पुसून पुन्हा वाचलं. शेख मदारच.

उत्तरेश्वर आईला, गीताबाईंना, घेऊन आला. यास्मिनने दोघांना भिंगातून अक्षरं दाखवली आणि वाचून सांगितली. गीताबाई बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या, इंग्रजी येत नसूनही.

"म्हंजे इतकी वर्षं आमी या शेख मदारची पूजा केली?"

"हो, काकू."

"आन् त्यानं काय तक्रार केली न्हाई."

"अन् तो खंडोबाबी न्हाई," यास्मिनने तेही सांगून टाकलं.

"ते मला वाटलंच हुतं. अंगावर कापड न्हाई. म्हणून तर मी हळद जास्त लावायची."

उत्तरेश्वरला हे काही पटत नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. "ताई, ते नाव घासून काढा आन् पणज्याचं कोरा."

"मग ते कुणाचंच राहणार न्हाई," यास्मिन म्हणाली. "मी करणार न्हाई."

तो उठलाच. पण गीताबाई उठेनात. त्यांना सासऱ्यांचं बोलणं आठवत होतं. आश्रुबा लढाईवरून परतले ते फौजेतल्या एका जोडीदारासोबत. तो मांजरसुंब्याचा होता, आणि दर ईदला आश्रुबा त्याच्याकडे जेवायला जायचे. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरच्या जीपमधून तिघं मांजरसुंब्याला गेले. धाब्यावर विचारलं, तर शेख मदारची नात तिथेच मागच्या गल्लीत राहते असं कळलं. मदिनाबी अंगणात मिरच्या निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी हात धुतले.

"आमच्यातबी असलंच एक हुतं," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात त्याच्या पायातल्या तोरड्या केल्या. बहात्तरच्या दुष्काळात तोरड्यांची जवारी झाली."

"त्याच्यावर नाव कुणाचं हुतं?" उत्तरेश्वरने विचारलं.

"वाचणारं कोण हुतं, बाबा?"

दोघांची पदकं कधीतरी, कुणाच्यातरी हातून बदलली असणार, एवढंच म्हणता येत होतं. उत्तरेश्वरच्या पणज्याचं पदक बहुतेक दळून खाऊन झालं होतं.

"पोरांच्या पोटात गेली का जवारी?" गीताबाईंनी विचारलं.

"गेली की. चारी जगली."

"मग झालं," गीताबाई म्हणाल्या आणि पदक मदिनाबींच्या हातावर ठेवलं. "हे तुमचं. घ्या."

मदिनाबींनी कडेवरून अंगठा फिरवला. आजोबांचा फोटो नव्हता, कबरीवर नाव नव्हतं. "हे लिवलंय ते त्यांचंच नाव?" त्यांनी यास्मिनला विचारलं. यास्मिनने अंगठ्याखालची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. मदिनाबींनी ती पुन्हा वाचायला लावली. चहा आला तरी त्यांनी पदक खाली ठेवलं नाही.

शाळेतल्या कार्यक्रमाला मदिनाबी पदक घेऊन आल्या आणि स्टेजवर मांडीवर ठेवून बसल्या. सरपंच विजयसिंह यांना सगळं आधी सांगितलेलं होतं. तरी माइक हातात आल्यावर ते सवयीने म्हणाले, "आपल्या गावचे वीर आश्रुबा यांचं हे पदक..."

उत्तरेश्वर उठला. त्याने सरपंचांच्या हातातून माइक घेतला.

"पदक शेख मदार यांचं हाय," तो म्हणाला. "आमच्या घरी चुकून राह्यलं. आमच्या पणज्याचं यांच्या घरी हुतं, बहुतेक. ते खाल्लं."

मंडपात कुणालाच काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. मग गीताबाईंनी पुढे होऊन मदिनाबींना शाल पांघरली. ती उलटी पांघरली गेली, आणि तसाच फोटो निघाला.